सोइचिरो होंडा

सोइचिरो होंडा (१७ नोव्हेंबर, १९०६ - ५ ऑगस्ट, १९९१) हे जपानी अभियंता व उद्योजक होते. होंडा मोटर कंपनी या मोटारसायकली, मोटारी आणि एटीव्ही (कच्च्या व असमतल जमिनीवर चालणारी वाहने) बनवणाऱ्या कंपनीचे ते संस्थापक होत. १९४८ ते १९७३ या काळात त्यांनी कंपनीचे अध्यक्षपद सांभाळले.

प्रारंभिक जीवन

होंडा यांचा जन्म जपानमधील शिझुओका प्रांतात हमामात्सु शहराजवळच्या कोम्यो या खेड्यात झाला. वडील गिहेई हे लोहार होते व पुढे त्यांनी सायकलदुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. भात्याजवळ वाढलेल्या सोइचिरो यांना लहानपणापासूनच यंत्रांची ओढ होती. शालेय शिक्षण संपल्यावर १९२२ मध्ये ते टोकियोतील आर्ट शोकाई या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवारीसाठी दाखल झाले. सुरुवातीचे काही महिने त्यांना मालकाचे मूल सांभाळण्याचेच काम करावे लागले. १९२३ च्या भीषण भूकंपानंतर जळालेल्या मोटारी दुरुस्त करताना त्यांना यंत्राचा प्रत्येक भाग हाताळण्यास मिळाला. १९२८ मध्ये त्यांनी हमामात्सु येथे याच कारखान्याची शाखा काढली. त्यांना शर्यतींचाही नाद होता. १९३६ मध्ये तामागावा येथील शर्यतीत त्यांच्या मोटारीला अपघात होऊन ते जखमी झाले.

पिस्टन रिंगचा कारखाना

दुरुस्तीच्या कामात समाधान न मानता होंडा यांनी तोकाई सेकी या कंपनीमार्फत पिस्टन रिंग तयार करण्यास प्रारंभ केला. टोयोटा कंपनीकडे तपासणीसाठी पाठवलेल्या ५० रिंगांपैकी केवळ ३ स्वीकारल्या गेल्या. धातूशास्त्राचे ज्ञान अपुरे असल्याचे लक्षात येताच, विवाहित व कारखानदार असूनही, ते हमामात्सु येथील तंत्रशाळेत विद्यार्थी म्हणून बसू लागले. गरजेपुरते विषय शिकून घेतले, परंतु परीक्षा न दिल्याने त्यांना पदविका मिळाली नाही. पुढे रिंगांचा दर्जा सुधारला. मात्र दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यात एक कारखाना नष्ट झाला आणि जानेवारी १९४५ च्या भूकंपात दुसरा कोसळला. युद्ध संपल्यावर उरलेली मालमत्ता टोयोटाला विकून होंडा या व्यवसायातून बाहेर पडले.

मोटारसायकल उद्योग

युद्धोत्तर जपानमध्ये वाहतुकीची साधने अपुरी होती व पेट्रोलची तीव्र टंचाई होती. १९४६ मध्ये होंडा यांनी हमामात्सु येथे एक छोटी संशोधनशाळा काढली. सैन्याच्या बिनतारी यंत्रणेतील लहान इंजिने विकत घेऊन ती सायकलींना जोडून विकली. इंजिनांचा साठा संपल्यावर त्यांनी स्वतःचे इंजिन तयार केले. २४ सप्टेंबर १९४८ रोजी १० लाख येन भांडवल व ३४ कामगारांसह होंडा मोटर कंपनीची स्थापना झाली. १९४९ मध्ये 'ड्रीम' ही मोटारसायकल तयार झाली. त्याच वर्षी ताकेओ फुजिसावा कंपनीत आले. पैसा व विक्रीची जबाबदारी फुजिसावा यांनी, तर तंत्राची होंडा यांनी सांभाळावी अशी कामाची वाटणी झाली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

१९५४ मध्ये कंपनी आर्थिक संकटात असतानाच होंडा यांनी ब्रिटनजवळील आइल ऑफ मॅन येथील प्रसिद्ध मोटारसायकल शर्यतीत उतरण्याचा संकल्प जाहीर केला. तो १९५९ मध्ये पूर्ण झाला व १९६१ मध्ये १२५ आणि २५० सीसी या दोन्ही गटांत पहिले पाचही क्रमांक होंडाच्या गाड्यांनी पटकावले. १९५८ मध्ये बाजारात आलेली ५० सीसीची 'सुपर कब' हातातील क्लचविना चालवता येत असल्याने सामान्य ग्राहकांत अतिशय लोकप्रिय झाली. २०१७ पर्यंत या मालिकेतील १० कोटी गाड्यांचे उत्पादन झाले.

अमेरिकेत हिवाळ्यात मोटारसायकलींची विक्री मंदावत असे. त्यावर उपाय म्हणून १९७० मध्ये कंपनीने फुगीर टायरांची तीनचाकी एटीव्ही आणली. बर्फ, वाळू व चिखलातून चालणारे हे वाहन लोकप्रिय झाले. पुढे अपघातांमुळे टीका झाल्यावर १९८८ मध्ये अमेरिकेत तीनचाकी एटीव्हींची विक्री थांबवण्यात आली व चारचाकी वाहनांनी त्यांची जागा घेतली.

इंजिनाचा वाद व निवृत्ती

१९६३ पासून कंपनी मोटारींचेही उत्पादन करू लागली. मोटारीचे इंजिन हवेनेच थंड करावे, असा होंडा यांचा ठाम आग्रह होता. प्रदूषण कमी करण्यासाठी पाण्याने थंड होणारे इंजिन आवश्यक आहे, असे तरुण अभियंत्यांचे मत होते. १९६८ मध्ये फ्रान्समधील फॉर्म्युला वन शर्यतीत कंपनीच्या हवेने थंड होणाऱ्या मोटारीला अपघात होऊन चालक जो श्लेसर यांचा मृत्यू झाला. तरीही होंडा यांचे मत बदलले नाही. अखेर अभियंत्यांनी फुजिसावा यांच्याकडे दाद मागितली. होंडा यांना अध्यक्ष राहायचे आहे की अभियंता, याचा निर्णय त्यांनीच घ्यावा, असे फुजिसावा यांनी सुचवले. होंडा यांनी अध्यक्षपद निवडले आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनास संमती दिली. त्यातूनच १९७२ मध्ये जाहीर झालेले सीव्हीसीसी हे इंजिन घडले. अमेरिकेच्या कठोर प्रदूषणविषयक निकषांना ते उतरले.

ऑक्टोबर १९७३ मध्ये होंडा व फुजिसावा एकाच वेळी निवृत्त झाले. अध्यक्षपद होंडा यांच्या मुलाकडे न जाता ४५ वर्षांचे अभियंते कियोशी कावाशिमा यांच्याकडे गेले. निवृत्तीनंतर होंडा यांनी देशभरातील कारखान्यांना व विक्रीकेंद्रांना भेटी देऊन कर्मचाऱ्यांचे आभार मानले.

भारताशी संबंध

१९८४ मध्ये होंडा कंपनीने पुण्याच्या फिरोदिया कुटुंबातील कायनेटिक उद्योगाशी भागीदारी करून कायनेटिक होंडा ही कंपनी स्थापन केली. बटण दाबताच सुरू होणारी आणि गिअर बदलावे न लागणारी तिची स्कूटर महाराष्ट्रात सर्वपरिचित झाली. १९९८ मध्ये होंडा या भागीदारीतून बाहेर पडली. हीरो समूहासोबतची हीरो होंडा ही कंपनीही १९८४ मध्येच स्थापन झाली होती.

मृत्यू

१९८९ मध्ये अमेरिकेतील ऑटोमोटिव्ह हॉल ऑफ फेममध्ये होंडा यांचा समावेश झाला. हा मान मिळालेले ते पहिले जपानी होत. ५ ऑगस्ट १९९१ रोजी टोकियो येथे यकृताच्या विकाराने त्यांचे निधन झाले. मोटारी बनवणाऱ्याच्या अंत्ययात्रेमुळे रस्त्यावर वाहतुकीची कोंडी होऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. त्यानुसार कंपनीने मोठा अंत्यविधी केला नाही.