बाबासाहेबही रडले होते

तिरोडा तालुक्यातल्या बौद्ध वस्त्यांमधून फिरताना निळा कोट, हाती संविधान आणि पुढे केलेले बोट, असे बाबासाहेब जागोजागी भेटतात. ते रूप आम्हाला प्रिय आहे. त्यानेच आम्हाला ताठ मानेने चालायला शिकवले. पण त्याचा एक उलटा परिणामही झाला. खंबीर माणूस रडत नाही, खचत नाही, मनाचे दुखणे घेऊन डॉक्टरकडे जात नाही, असा समज आमच्या घराघरांत बसला. स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा अडकलेला पोरगा बोलत नाही, झोप उडालेली विडी वळणारी बाई सांगत नाही आणि काम सुटलेला बाप गुत्त्याकडे वळतो. वकिली करताना पोटगीची, मारझोडीची कितीतरी प्रकरणे आमच्याकडे येतात. त्यातल्या अनेकांच्या तळाशी असे न बोललेले दुःखच सापडते. म्हणून बाबासाहेबांच्या चरित्रातली, जयंतीच्या भाषणांत सहसा न उघडली जाणारी पाने आज उघडायची आहेत.

आई भीमाबाई गेली तेव्हा भीमराव जेमतेम पाच वर्षांचे होते. आत्या मीराबाईंनी त्यांना वाढवले. फेब्रुवारी १९१३ मध्ये बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईला धावत आले, ते वडिलांचे अखेरचे दर्शन घ्यायलाच. १९१७ साली परदेशातून शिकून ते पुन्हा बडोद्याला गेले, तेव्हा पारशी सरायीत काठ्या घेतलेल्या माणसांनी त्यांना वेढले आणि बाहेर काढले. राहायला जागा नाही म्हणून ते कमाठी बागेत जाऊन बसले. पुढे जवळजवळ अठरा वर्षांनी हा प्रसंग लिहून काढताना, तो आठवला की आजही डोळे भरून येतात, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. तोवर ते कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेले बॅरिस्टर होते, गोलमेज परिषद गाजवून आले होते. तरीही ती जखम ओली होती आणि ती ओली आहे हे लिहायला त्यांना लाज वाटली नाही. अपमानाचा घाव वर्षानुवर्षे मनात राहतो हे आजचे मानसशास्त्र सांगते. बाबासाहेबांनी ते आपल्याच उदाहरणाने आधीच सांगून ठेवले होते.

जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेला. त्याच्याआधी गंगाधर, रमेश आणि इंदू गेलेली. पाचांपैकी एकटा यशवंत उरला. राजरत्न बापाचा फार लाडका होता. पुढच्या महिन्यात बाबासाहेबांनी कोल्हापूरचे मित्र दत्तोबा पवार यांना पत्र लिहिले. त्या पत्रात पुढारी दिसत नाही, उद्ध्वस्त बाप दिसतो. जगण्यातली चवच गेली, अशा अर्थाचे ते पत्र आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी मिळवून वाचावे. आम्हाला त्यात महत्त्वाची वाटते ती एकच गोष्ट : त्यांनी ते कुणाला तरी लिहिले. दुःख पोटात ठेवून सभा गाजवत फिरले नाहीत. मित्रापुढे मन रिकामे केले, तेही शोक ओसरल्यावर नव्हे, तो ताजा असतानाच.

त्यानंतर आठ महिन्यांनी, १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडची परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. हे वाचून कुणी म्हणेल की काम करा, दुःख विसरा. आम्ही तसे म्हणणार नाही. कामाने त्यांना सावरले हे खरे. पण त्याच कामापायी त्यांनी झोप आणि जेवणाची आबाळ केली आणि शरीराने त्याची किंमत पुढे वसूल केली. महामानवाची प्रत्येक सवय अनुकरणीय असते असे नाही. रात्र रात्र जागणारा कार्यकर्ता म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो, त्याच्या घरी एकदा जाऊन पाहावे.

आणि रमाईंचे काय? त्याच चार लेकरांची ती आई. तिने कुणाला पत्र लिहिले? पती विलायतेत असताना तिने हालअपेष्टांत संसार चालवला, उपासतापास केले. तिला पंढरपूरला जावेसे वाटे. जिथे पायरीशीच उभे राहावे लागते तिथे कशाला जायचे, म्हणून बाबासाहेबांनी ते होऊ दिले नाही. तत्त्व म्हणून त्यांचे बरोबरच होते. पण विठ्ठलापाशी तिला काय सांगायचे होते, हे चळवळीने आजवर विचारलेले नाही. तिरोड्याच्या वस्तीतली बाई आजही अंगात येण्याच्या, भुताखेताच्या वाटेने बोलते, कारण सरळ बोलायला तिला जागा नसते. तिला अंधश्रद्ध म्हणून हिणवणे सोपे आहे.

२७ मे १९३५ रोजी राजगृहात रमाई गेल्या. बाबासाहेबांनी स्वतःला खोलीत कोंडून घेतले, मुंडण केले, संन्याशासारखी वस्त्रे घातली आणि लहान मुलासारखे रडले. हे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदवले आहे. तो शोक लपवला गेला नाही. जूनमध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. पाकिस्तानच्या प्रश्नावरचे आपले पुस्तक त्यांनी पुढे रमाईंच्या स्मृतीला अर्पण केले.

१९४७-४८ मध्ये मधुमेह आणि पायांच्या असह्य वेदनांनी त्यांना ग्रासले. झोप लागेना. मसुदा समितीचे काम तर डोक्यावर. ते अंगारा शोधत बसले नाहीत, मुंबईला डॉ. मालवणकरांकडे उपचाराला गेले. डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत विवाह झाला. मला सांभाळणारे माणूस हवे आहे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले होते. माईसाहेबांशी चळवळ कशी वागली हा वेगळा आणि कडू विषय आहे, तो आज नको.

डॉक्टरकडे जाणे हा आता हक्कही आहे, हे वकील म्हणून सांगणे भाग आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ सालचा, अंमल २०१८ पासून. सरकारने चालवलेल्या किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेत जात, धर्म, लिंग न पाहता मानसिक उपचार मिळण्याचा हक्क त्याच्या कलम १८ ने दिला. कलम ११५ नुसार जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे कायदा मानून चालतो आणि त्याच्या उपचाराची, पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतो. जुने कलम ३०९ भारतीय न्याय संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, उरलेले नाही. सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. म्हणून पोलीस केस होईल या भीतीने घरच्यांनी लपवाछपवी करण्याचे कारण नाही. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मराठीतही बोलता येते. नागपूरला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे जाणाऱ्याला वेडा ठरवणे आपण बंद केले पाहिजे.

आता आमच्या भागाची गोष्ट. १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत काजरोळकरांकडून बाबासाहेबांचा चौदा हजारांवर मतांनी पराभव झाला. १९५४ साली ते भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. तेव्हा आमचा तिरोडा भंडारा जिल्ह्यातच होता. म्हणजे हा पराभव आमच्या घरचा आहे. काँग्रेसचे भाऊराव बोरकर आठ हजारांवर मतांनी निवडून आले. ज्यांनी देशाला मताचा अधिकार लिहून दिला, ते मतांनीच दोनदा हरले. वय त्रेसष्ट, दृष्टी मंदावलेली, आधाराशिवाय चालणे कठीण. त्या वर्षी ते ब्रह्मदेशाला दोनदा गेले. डिसेंबरमध्ये देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली आणि ग्रंथाचे लेखन पुढे नेले.

त्या ग्रंथात म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही पारंपरिक कथा त्यांनी नाकारली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेला वाद त्यांनी पुढे आणला. दुःख नशिबाने येत नाही, त्याला कारणे असतात आणि पुष्कळशी कारणे समाजात असतात. राजरत्नाच्या बापाने हे लिहिले आहे, हे ध्यानात ठेवून तो ग्रंथ वाचला की वेगळाच लागतो. विपश्यनेवरून आपल्यात वाद आहेत, त्यात आम्ही शिरत नाही. पण दारू पिणार नाही ही प्रतिज्ञा बावीसांत का आहे, ते गुत्त्यावर बसलेल्या बापाकडे पाहिले की कळते.

शेवटच्या वर्षांत ते व्हायोलिन शिकत, चित्रे काढत. कुत्रे आणि बाग यांचा त्यांना लळा होता. यातले काहीच चळवळीच्या उपयोगाचे नव्हते, आणि नसू दे. १९५६ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात ते पुन्हा खचले, समाजाच्या चिंतेने रडले. स्वीय सहायक नानकचंद रत्तू यांनी ते लिहून ठेवले आहे. ऑक्टोबरात नागपूर झाले. ५ डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या घरी बुद्धवंदनेची ध्वनिमुद्रिका लावून ते तिच्यासोबत गुणगुणत होते. नंतर कबीराचे एक पद म्हटले, आणि ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद उशाजवळ ठेवायला सांगून झोपायला गेले.