इब्राहिमखान गारदी

‘गारदी’ म्हटले की आपणांस १७७३ मधील नारायणराव पेशव्यांचा खून आठवतो. त्या बदनामीपासून इब्राहिमखानाचे नाव वेगळे ठेवले पाहिजे. फ्रेंच सेनानी बुसी याच्या हाताखाली कवायती युद्ध शिकलेला हा सरदार प्रथम निजामाच्या चाकरीत होता. पुढे पेशव्यांकडे आला. उदगीरच्या मोहिमेत जुन्या धन्याशीच त्याची गाठ पडली. संख्येने कमी असलेली निजामाची फौज तोफांचे कडे करून धारूरकडे सरकत होती. नुसत्या घोडदळाने ते फुटण्यासारखे नव्हते. ३ फेब्रुवारी १७६० रोजी औशाजवळ ते फुटले. त्यात इब्राहिमखानाच्या तोफांचा वाटा मोठा होता. पेशव्यांस साठ लाखांचा मुलूख मिळाला.

पुढच्याच हिवाळ्यात पानिपतावर कोंडलेली फौज मराठ्यांची होती, हे ध्यानात घ्या. तोफांच्या आश्रयाने गोल करून पुढे सरकावे, असा बेत ठरला. म्हणजे औशाला निजामाने केले तेच. १४ जानेवारी १७६१ रोजी डाव्या बगलेवर गारद्यांनी रोहिल्यांची फळी मोडली, पण त्यांचीही बहुतेक माणसे पडली. जखमी इब्राहिमखान शत्रूच्या हाती लागला आणि कैदेतच मारला गेला.