रखमाबाई राऊत

डॉ. रखमाबाई राऊत (२२ नोव्हेंबर, इ.स. १८६४ - २५ सप्टेंबर, इ.स. १९५५) या भारतात वैद्यकीय व्यवसाय केलेल्या सुरुवातीच्या महिला डॉक्टरांपैकी एक होत. बालपणी झालेल्या विवाहाचे बंधन नाकारल्यामुळे त्यांच्यावर चाललेला 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' हा खटला भारतीय विवाहकायद्याच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

पूर्वायुष्य
रखमाबाईंचा जन्म मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर वारले. आई जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. मात्र त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरीच त्यांचे वाचन व शिक्षण चालू राहिले.

खटला
इ.स. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. हिंदूंना लागू असा घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा त्या काळी नव्हता. काही जातींत रूढीने काडीमोड होत असे, एवढेच. त्यामुळे स्वतः दावा लावून विवाहातून मुक्त होण्याचा मार्ग रखमाबाईंपुढे नव्हता. पतीच्या दाव्याला विरोध करणे एवढेच हाती होते. काशिनाथ त्र्यंबक तेलंग व इन्व्हेरॅरिटी या वकिलांनी त्यांची बाजू मांडली. पतीची गरिबी व अनारोग्य ही कारणे बचावात होतीच. परंतु संमतीचे वय नसताना लागलेले आणि प्रत्यक्ष सहजीवन कधीच सुरू न झालेले लग्न न्यायालयाने बळाने अमलात आणावे काय, हा खरा प्रश्न होता.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. जे सहजीवन मुळात सुरूच झाले नाही त्याची पुनःस्थापना कशी करणार, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. अपिलात हा निकाल टिकला नाही. फेरसुनावणीनंतर ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी रखमाबाईंनी पतीकडे जावे, अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावासाची तयारी दर्शविली. बेहरामजी मलबारी आदी सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले, तर लोकमान्य टिळकांच्या केसरीने कडाडून विरोध केला. 'अ हिंदू लेडी' या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर पत्रे लिहिणारी स्त्री रखमाबाईच होत्या.

जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये स्वीकारून हुकूमनाम्याची अंमलबजावणी सोडून दिली. व्हिक्टोरिया राणीने हा विवाह रद्द केला असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. वस्तुतः प्रकरण खासगी तडजोडीने मिटले आणि विवाह कायद्याने कधीच विसर्जित झाला नाही. दादाजींनी दुसरे लग्न केले. इ.स. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे स्वीकारले.

वैद्यकीय कारकीर्द
डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने इ.स. १८८९ मध्ये त्या लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. भारतात परतल्यावर त्यांनी सुरत व नंतर राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत दीर्घकाळ सेवा केली.

कायद्यातील पुढील बदल
संमतिवयाचा कायदा (इ.स. १८९१) संमत होण्यामागील वादात या खटल्याचा मोठा वाटा होता. पुनःस्थापनेच्या हुकूमनाम्यासाठी कारावासाची तरतूद इ.स. १९२३ मध्ये काढून टाकण्यात आली. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी, म्हणजे रखमाबाईंच्या मृत्यूच्या चार महिने आधी, अमलात आला. पंधरा वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलीने पंधरा ते अठरा या वयात ते नाकारले असल्यास तिला घटस्फोट मागता येईल, अशी तरतूद त्यात इ.स. १९७६ मध्ये जोडण्यात आली. पुनःस्थापनेचा दावा मात्र त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये कायम आहे.