लेव्ही कॉफिन

लेव्ही कॉफिन यांचा जन्म १७९८ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात झाला. तेव्हा तेथे काळ्या माणसांना विकत घेऊन गुलाम करत. लेव्ही सात वर्षांचे होते. त्यांनी रस्त्यात साखळीने बांधलेले गुलाम पाहिले. बायकापोरांकडे पळून जाऊ नये म्हणून त्यांना बांधले होते. लेव्हींना फार वाईट वाटले.

१८२१ साली त्यांनी गुलामांसाठी रविवारची शाळा काढली. मालकांनी ती बंद पाडली. १८२६ साली ते इंडियाना राज्यात न्यूपोर्ट गावी गेले. तिथे दुकान घातले. पळून आलेले गुलाम रात्री दारात यायचे. पत्नी कॅथरीन त्यांना जेवू घालायच्या. हा गुन्हा होता. गिऱ्हाइकं तुटली, पण दार उघडेच राहिले.

१८३९ साली बांधलेल्या त्यांच्या घरात माडीवर पलंगामागे बुटके दार आहे. त्यामागे माणसं लपत. विहीरसुद्धा तळघरातच! बाहेरून जास्त पाणी भरले असते तर शेजाऱ्यांना संशय आला असता. मला हे लगेच पटले. आमच्या पाणवठ्यावरही कुणाकडे पाहुणे आले ते घागरींवरून कळते.

१८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. १८७७ साली लेव्ही वारले. ते घर आता संग्रहालय आहे. अशा या थोर पतिपत्नींना माझे प्रणाम.