आल्डो लिओपोल्ड : लांडग्यांच्या वैऱ्यापासून कैवाऱ्यापर्यंत

वन्यजीव व्यवस्थापन या विद्याशाखेचे जनक म्हणून ओळखले जाणारे अमेरिकी वनाधिकारी, प्राध्यापक आणि लेखक आल्डो लिओपोल्ड हे आयुष्यभर हौशी शिकारी होते. शिकारीला हरणे भरपूर हवी असतील, तर लांडगे आणि प्यूमा नाहीसे केलेच पाहिजेत, असे तरुणपणी त्यांचे ठाम मत होते. हेच मत पुढे त्यांनी स्वतः खोडून काढले आणि त्यासाठी लोकांचा रोषही पत्करला.

लिओपोल्ड यांचा जन्म ११ जानेवारी १८८७ रोजी आयोवा राज्यातील बर्लिंग्टन या मिसिसिपी नदीकाठच्या गावी झाला. वडिलांचा लेखनाची मेजे बनविण्याचा कारखाना होता. शिकारीचे पहिले धडे त्यांना वडिलांकडूनच मिळाले. विणीच्या हंगामाच्या तोंडावर पाणपक्षी मारू नयेत, हा नियम कायदा होण्यापूर्वीच त्या घरात पाळला जात असे. येल विद्यापीठातून वनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन १९०९ मध्ये ते सरकारी वनसेवेत दाखल झाले. त्यांची पहिली नेमणूक ॲरिझोनातील अपाचे राष्ट्रीय वनात झाली. ॲरिझोनाला तेव्हा राज्याचा दर्जाही मिळालेला नव्हता.

त्याच वर्षी एका कड्यावरून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लांडग्यांच्या कळपावर गोळ्या झाडल्या. जखमी मादीजवळ ते पोहोचले, तेव्हा तिच्या डोळ्यांतील तेज विझत होते. या प्रसंगाचा अर्थ आपल्याला फार उशिरा उमगला, असे त्यांनी पुढे नमूद केले. त्या वेळी मात्र असे प्राणी मारणे हे कर्तव्यच समजले जाई. लांडगे, प्यूमा व कोयोट हे गुरांचे आणि शिकारीच्या प्राण्यांचे शत्रू ठरवून त्यांच्यावर बक्षिसे लावली जात. ही रीत अमेरिकेपुरतीच नव्हती. ब्रिटिश अमदानीत भारतातही वाघ, बिबटे आणि लांडगे मारणाऱ्यांना सरकारी इनामे मिळत. १९१५ मध्ये अमेरिकी संसदेने भक्षक प्राण्यांच्या निर्मूलनासाठी खास निधी मंजूर केला आणि पगारी सरकारी शिकारी कामाला लागले.

दरम्यान १९१२ मध्ये लिओपोल्ड यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी मूत्रपिंडाच्या गंभीर विकाराने त्यांना वर्षाहून अधिक काळ अंथरुणाला खिळविले. त्यातून उठल्यावर त्यांनी न्यू मेक्सिकोत शिकाऱ्यांच्या संरक्षण संघटना उभारल्या. चोरट्या शिकारीला आळा, ठराविक हंगामातच शिकार आणि भक्षक प्राण्यांचा नायनाट हा त्या संघटनांचा कार्यक्रम होता. त्यासाठी लिओपोल्ड एक वार्तापत्रही चालवीत. १९१७ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी पत्र पाठवून या कार्याचे अभिनंदन केले. न्यू मेक्सिकोतील अखेरचा लांडगा आणि अखेरचा प्यूमा पकडला जाईपर्यंत काम थांबता कामा नये, असे लिओपोल्ड १९२० मध्ये एका राष्ट्रीय परिषदेत सांगत होते.

या मताला पहिला धक्का दिला तो हरणांनीच. ॲरिझोनातील कैबाब पठार १९०६ मध्ये हरणांसाठी राखीव झाले होते. तेथील शेकडो प्यूमा आणि हजारो कोयोट मारण्यात आले. हरणे बेसुमार वाढली, तोंड पोहोचेल तेवढा झाडपाला त्यांनी ओरबाडून खाल्ला आणि १९२४ नंतरच्या हिवाळ्यांत ती उपासमारीने मोठ्या संख्येने मेली. त्या काळच्या हरणांच्या आकड्यांबद्दल पुढे शास्त्रज्ञांत वाद झाले. परंतु कैबाबचे नाव वन्यजीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कायम राहिले.

लिओपोल्ड यांच्याच प्रस्तावावरून १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतील हिला वनाचा मोठा भाग रस्त्यांपासून मुक्त असे अरण्य म्हणून राखून ठेवण्यात आला. देशातील असे हे पहिलेच क्षेत्र होते. मात्र भक्षक प्राणी नाहीसे झाल्यामुळे तेथेही हरणे अतोनात वाढली आणि ती कमी करण्यासाठी शिकाऱ्यांना आत जाता यावे म्हणून त्याच अरण्यातून रस्ता खुला करावा लागला.

लिओपोल्ड १९२४ मध्येच विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे बदलून आले. १९२८ मध्ये सरकारी सेवा सोडून त्यांनी बंदुका व काडतुसे बनविणाऱ्या कारखानदारांच्या संस्थेसाठी अनेक राज्यांतील शिकारीच्या प्राण्यांची पाहणी केली. लावा पक्ष्यांवरील अभ्यासातून याच सुमारास एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. हिवाळ्यात किती पक्षी तगतील, हे मुख्यतः अन्न व आडोसा यांवर ठरते. जागेच्या क्षमतेपेक्षा जास्त झालेले पक्षीच प्रामुख्याने घुबडांच्या आणि कोल्ह्यांच्या तोंडी पडतात. म्हणजे घुबडे मारून लावे वाढत नाहीत. त्यासाठी बांधावरची झुडपे राखावी लागतात.

१९३१ मध्ये मॅडिसनजवळच्या रायली येथे त्यांनी हा विचार प्रत्यक्षात आणला. शेतकऱ्यांनी जमीन द्यायची आणि राखण करायची, शहरी शिकाऱ्यांनी खर्चाचा भार उचलायचा, दोघांनी मिळून झुडपे लावायची आणि हिवाळ्यात पक्ष्यांना दाणा घालायचा, अशी ती सहकारी योजना होती. १९३३ मध्ये त्यांचा गेम मॅनेजमेंट हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात या विषयाचे देशातील पहिले प्राध्यापकपद त्यांना मिळाले.

१९३५ मध्ये ते जर्मनीला गेले. मोठे भक्षक प्राणी नसलेल्या तेथील जंगलांत हरणांना हिवाळ्यात चारा घातला जात होता आणि रोपे वाचविण्यासाठी कुंपणे घालावी लागत होती. दुसऱ्याच वर्षी उत्तर मेक्सिकोतील गाविलान नदीच्या खोऱ्यात त्यांनी नेमके उलट चित्र पाहिले. तेथे लांडगे व प्यूमा होते, हरणेही पुरेशी होती आणि डोंगरउतार हिरवे होते. ॲरिझोनातील झिजलेल्या डोंगरांशी त्यांनी मनोमन तुलना केली.

खरी कसोटी पुढेच होती. लांडगे जवळजवळ संपलेल्या विस्कॉन्सिनमध्ये हरणे फार वाढली होती. केवळ नर मारून भागणार नाही, माद्यांचीही शिकार करू दिली पाहिजे, अशी भूमिका लिओपोल्ड यांनी घेतली. १९४३ मध्ये ते राज्य संवर्धन आयोगाचे सदस्य झाले. त्या वर्षीच्या हंगामात सुमारे १ लाख २८ हजार हरणे मारली गेली आणि राज्यभर संताप उसळला. वृत्तपत्रांतून त्यांच्यावर कडवट टीका झाली. ज्या शिकाऱ्यांसाठी त्यांनी उमेदीची वर्षे वेचली, त्यांच्यातीलच अनेक जण विरोधात उभे राहिले. तरीही त्यांनी आपली भूमिका सोडली नाही. १९४४ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी १९०९ मधील त्या लांडगीची आठवण नोंदवून आपल्या जुन्या समजुतीची चूक उघडपणे मान्य केली.

विस्कॉन्सिन नदीकाठी १९३५ मध्ये घेतलेल्या नापीक शेतावर त्यांच्या कुटुंबाने हजारो पाइन वृक्ष लावले होते. तेथेच २१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतातील गवताला लागलेला वणवा विझविताना हृदयविकाराच्या झटक्याने लिओपोल्ड यांचे निधन झाले. त्यांच्या निबंधसंग्रहाचा प्रकाशकाने स्वीकार केल्याला जेमतेम आठवडा झाला होता. अ सँड काउंटी अल्मनॅक या नावाने १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा संग्रह जगातील अनेक भाषांत पोहोचला.

विस्कॉन्सिनमध्ये लांडग्यांवरील बक्षीस १९५७ मध्ये बंद झाले, पण तोवर तेथील लांडगे संपत आले होते. १९७० च्या दशकात ते शेजारच्या मिनेसोटातून परतू लागले. १९९८ मध्ये ॲरिझोनातील अपाचे वनात सरकारनेच मेक्सिकन लांडगे पुन्हा सोडले. तरुण लिओपोल्ड यांनी लांडग्यांवर बंदूक रोखली होती, ते हेच वन.