युगांडाचा कारागीर मॅके

रविवार शाळेत अलेक्झांडर मॅके यांची गोष्ट सांगताना आपण राजा म्वांगा आणि १८८५ सालचे बालहुतात्मे यांच्यापासून आरंभ करतो. आम्हांला मात्र त्याआधीचे एडिंबरातील दिवस मुलांना सांगावेसे वाटतात.

मॅके यांचा जन्म १८४९ साली स्कॉटलंडमधील ऱ्हायनी गावी, एका पाळकाच्या घरी झाला. मुलानेही पाळक व्हावे अशी वडिलांची इच्छा. मुलाचे मन यंत्रांत. एडिंबरात यंत्रशास्त्र शिकायचे, तर पोटाचीही सोय हवी. म्हणून सकाळी शाळेत शिकवायचे, दुपारी जवळच्या लीथ बंदरातील कारखान्यात उमेदवारी करायची आणि संध्याकाळी व्याख्यानांना बसायचे, असा त्यांचा क्रम होता. शिकलेल्या मुलाने हाती कानस धरणे आपल्या कित्येक घरांत अजूनही कमीपणाचे वाटते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

पुढे बर्लिनमध्ये यंत्रांचे आराखडे काढण्याची नोकरी करून ते १८७६ साली चर्च मिशनरी सोसायटीतर्फे निघाले आणि १८७८ साली युगांडास पोहोचले. तेथे त्या दुपारच्या उमेदवारीचा उपयोग झाला. त्यांनी विहीर खणून पंप बसविला. पाणी वर चढताना पाहून लोक थक्क झाले. १८८२ साली राजा म्टेसाची आई वारली, तेव्हा राजाने तिची भव्य शवपेटी त्यांच्याकडूनच करवून घेतली. लुगांडा भाषेतील वाचनपाठांसाठी त्यांनी अक्षरांचे खिळे स्वतःच्या हाताने कोरले.

१८९० च्या फेब्रुवारीत, सरोवराच्या दक्षिणेस उसांबिरो येथे, हिवतापाने त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. बोटीच्या बाष्पयंत्राचे काम अर्धेच राहिले.