गिरणगावाचा शाहीर : अमर शेख

बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल या मुलाला पुढे महाराष्ट्राने वेगळ्याच नावाने ओळखले. जन्म 20 ऑक्टोबर 1916 चा. घरात गरिबी, पण आई मुनेरबी यांच्या ओठांवर ओव्या आणि लोकगीते होती. मराठी मुलखातल्या मुसलमान बायका जात्यावर बसल्या की ओवी मराठीतच म्हणायच्या. हे माझ्या विद्यार्थ्यांना सांगितले की अजूनही काहींच्या भुवया वर जातात. मेहबूबला मराठी कुणी मुद्दाम शिकवली नाही. ती त्याला आईच्या गळ्यातून मिळाली.

पोट भरण्यासाठी त्याने मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत राबला. बार्शीच्या गिरणी कामगारांच्या संपात तो पुढे होता. विसापूरच्या तुरुंगात साम्यवादी विचारांशी ओळख झाली आणि ती आयुष्यभर टिकली. मग कोल्हापूर, मास्टर विनायकांचा स्टुडिओ. तिथेच मेहबूबचा अमर शेख झाला. हे नवे नाव घेऊन तो मुंबईला आला.

मुंबई म्हणजे अर्थातच गिरणगाव. लालबाग, परळ, सात रस्ता, भायखळा. भोंग्यावर उठायचे आणि भोंग्यावर झोपायचे. एका खोलीत पाळीपाळीने दहा-बारा जण राहत, कारण निम्मे कामावर असत. बायका-मुले कोकणात, घाटावर. या माणसांची करमणूक चाळीच्या चौकात आणि रस्त्यावरच व्हायची. भजनी मंडळे, लेझीम, गणपतीचे मेळे, मोहरमचे ताबूत, तमाशाचे फड. गिरणीच्या आत मात्र भिंती होत्या. विणकाम खात्यात धोट्याचे सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून तिथे दलित कामगाराला मज्जाव असे. मदनपुऱ्यातले उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर त्या खात्यात मोठ्या संख्येने होते. एका भोंग्यावर उठणारी ही माणसे एका सुरात गातील का, हा साधा प्रश्न नव्हता.

1944 मध्ये अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. एक वाटेगावचा मातंग, एक गवाणकर, एक बार्शीचा शेख. लिहिण्यात अण्णाभाऊंचा हात कुणी धरू शकत नव्हते, आणि गाण्यात अमर शेखांचा. जुन्या तमाशातला गण, बतावणी, वग त्यांनी घेतला आणि त्यात राजाऐवजी सावकार, मालक आणि संपावरचा कामगार आणला. पहाडी आवाज, हातात डफ. ध्वनिक्षेपक नसला तरी मैदानाच्या टोकापर्यंत शब्द पोहोचायचा. कार्यक्रमाच्या शेवटी झोळी फिरायची. संपकऱ्यांसाठी, दुष्काळासाठी, पुढे 1962 च्या चिनी आक्रमणानंतर संरक्षण निधीसाठीही. सरकारने कलापथकावर बंदी घातली, तरी गाणी चाळीचाळीत पाठ झालेली होती. पाठ झालेल्या गाण्यावर बंदी घालायची कशी?

त्याच काळात, थोड्याच अंतरावर, मदनपुऱ्याच्या मजूर वस्तीत कैफी आझमी उर्दूत नज्मा वाचत होते. उर्दूच्या माझ्या वर्गात कैफींचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, अमर शेखांचे एखाद्यालाच. मराठीच्या वर्गात नेमके उलटे. दोघांचा श्रोता एकाच गिरणीत, एकाच पाळीला उभा असायचा. ही फाळणी मला इतर कुठल्याही फाळणीइतकीच खटकते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांचा आवाज सर्वाधिक तापला. नोव्हेंबर 1955 मध्ये फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. पुढे शंभरावर माणसे गेली. अण्णाभाऊंची मैनेची छक्कड अमर शेखांनी गावोगाव पोहोचवली. गावी राहिलेली बायको आणि महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख यांचा विरह एकाच गाण्यात ऐकून गिरणगावातली माणसे डोळे पुसत. मुंबई मराठी माणसाची, हे एक शेख छातीठोकपणे गात होता आणि त्याला तू कोण, असे कुणी विचारत नव्हते. शिवरायांचा पोवाडाही तो तितक्याच हक्काने गाई. गोवामुक्तीसाठीही त्याने गळा झिजवला. आचार्य अत्र्यांनी त्याला महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले.

तो नुसता गायकही नव्हता. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे कवितासंग्रह, ‘पहिला बळी’ हे नाटक, ‘प्रपंच’ चित्रपटातली भूमिका. माझ्या मते कवितेतला अमर शेख आपण पुरेसा वाचलेला नाही. गाण्याने कवीला झाकून टाकले.

पैसा मात्र कधी घरात थांबला नाही. झोळीत जमलेला लोकांचा होता, आणि स्वतःचा म्हणावा असा फारसा नव्हता. पत्नी कुसुमताईंनी तो संसार ओढला. धाकटी मुलगी मलिका पुढे कवयित्री झाली.

29 ऑगस्ट 1969 रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय अवघे बावन्न. तेरा वर्षांनी, 1982 मध्ये, गिरणगावाने आपला शेवटचा मोठा संप केला. तो लांबत गेला आणि भोंगे एकामागून एक बंद पडत गेले. त्या संपात दारोदार झोळी फिरवायला हा शाहीर नव्हता.